तुझ्या माहेरचे जिवाणू

सुमन, तू गेल्यावर घरात आणखी एक मरण झालं. ते तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. गोठ्यामागचा तुझा गोबरगॅस मेला. माझ्या बहिणीनं मारला, कमळनं. फिनेल ओतून.

तू ऐकत नाहीस हे मला ठाऊक आहे. आपल्यात आत्मा-बित्मा मानत नाहीत, आणि मी तर कधीच मानला नाही. नदीकाठी तुला अग्नी दिला, राख झाली, संपलं. तरी हे तुलाच लिहितोय. दुसऱ्या कुणाशी बोलायची मला सवय नाही आणि ह्या वयात नवी सवय लावून घ्यायची माझी इच्छा नाही. कुणाला हसायचं असेल तर हसू दे.

झालं असं. तुझ्या जलदानाच्या विधीला माणसं येणार म्हणून कमळ आधीच मुंबईहून आली. पिशवीत पांढरं लुगडं आणि काळ्या फिनेलचा मोठा कॅन. जन्मभर इस्पितळाच्या फरश्या पुसल्या तिनं. ज्या घरात फिनेलचा वास नाही त्या घरात तिला घास गिळवत नाही. पडवी धुतली, ओटा धुतला, मोरी धुतली. मग गोठ्यात शिरली. उरलेला कॅन तिथं उपडा केला, वर ब्लिचिंग पावडर टाकली आणि खराट्यानं सगळं पाणी लोटून दिलं. कुठं लोटलं? जिकडं उतार तिकडं. आणि उतार तर तूच गवंड्याच्या मानगुटीवर बसून काढून घेतला होतास, गोमुत्राचा थेंब पण वाया न जाता शेण कालवायच्या हौदात जावा म्हणून. गेलं सगळं हौदात, हौदातनं गोबरगॅसच्या विहिरीत. मी पुढच्या अंगणात माणसांत बसलो होतो. उठून मागं आलो तेव्हा गोठा चकचकीत झाला होता आणि म्हैस एका कोपऱ्यात अंग चोरून उभी होती.

माणसं पांगली आणि टाकी बसायला लागली. विहिरीवर उपडी घातलेली ती लोखंडी टाकी, गॅस धरला की वर येते, चूल पेटवली की खाली बसते. एवढी वर्षं तिचं वरखाली बघत आलो. ह्या वेळी बसली ती उठेचना. चुलीला काडी लावली तर सुरसुर पण नाही. हौदाशी वाकून वास घेतला. शेणाला शेणाचा वास यायला पाहिजे. त्याला तू शेवटी जिथं होतीस त्या इस्पितळाचा वास येत होता.

“कमळे, काय केलंस हे?”

“काय केलं? घर साफ केलं. एवढी माणसं येणार, कुणी नाव ठेवायला नको.”

“त्यात जिवाणू होते गं. सुमनचे.”

“जंतूच ना? मेले ते बरं झालं, दादा. वहिनीला कशानं खाल्लं?”

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तू असतीस तर तिथल्या तिथं दिलं असतंस.

कमळला मी शिव्या देणार नाही. तिला फिनेल का लागतं ते मला कळतं. आपल्या आयांना लोकांनी लांबनं पाणी वाढलं. घाणेरडे म्हणून अंगणातनं हाकललं. मग आपल्या बायकांनी घरं अशी घासली की ज्यानं हाकललं त्याच्या घरापेक्षा आपली भांडी लखलखीत दिसावीत. कमळचा कॅन म्हणजे तिची ताठ मान आहे. पण तुझी पण ताठच होती. तू फक्त दुसरीकडनं उभी राहिलीस. तू म्हणालीस, आधी मला दाखवा, घाण म्हणजे नक्की काय.

कर्जतच्या गोबरगॅसच्या शिबिरातनं आलीस तो दिवस मला आठवतो. बचत गटाच्या बायकांबरोबर गेली होतीस. टेंपोतनं उतरायच्या आधीच तुझा आवाज वस्तीत पोचला.

“अवो, मी बघितले!”

“कुणाला?”

“जिवाणू! बाईंनी काचेवर शेणपाण्याचा थेंब ठेवला न् दुर्बिणीला डोळा लावायला दिला. काय गर्दी! वळवळतायत, धावतायत, कुणाला उसंत नाय.”

“तुझ्या पापणीचा केस दिसला असल.”

“केस धावतो का?”

“तुझा धावत असल. तू तरी कुठं एका जागी बसतीस?”

तेव्हापासनं आपलं भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, आपल्या आईबापांनी घरातले देव टोपलीत घालून पाण्यात सोडले, ते काय तू न दिसणारे नवे आणून बसवावेस म्हणून? तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, “देवाला पिढ्यान् पिढ्या घातलं, त्यानं कधी आमची चूल पेटवली? ह्यांना सकाळी शेण घालते, रात्रीचं कालवण शिजतं. मानायचं नसल तर मानू नका. भाकरी तेवढी खाऊ नका.”

मी भाकरी खाल्ली. पण मानलं नाही.

मग तुला जिकडं तिकडं तेच दिसायला लागले. दही लागलं, जिवाणू. आंबोळीचं पीठ फुगून टोपाच्या बाहेर आलं, जिवाणू. बांधावरचा पाला कुजून काळी माती झाली, त्यांचीच करणी. माझं पोट बिघडलं की म्हणायचीस, आतले गडी रुसलेत, ताक प्या. मी म्हणायचो, माझ्या पोटात कुणाला ठेवायचं ते मला विचारून ठेवत जा. “तुमाला काय विचारायचं? तुमाला दात नव्हते तेव्हापासनं ते तिथं हायत,” असं म्हणून ताकाचा पेला पुढं आदळायचीस. ताक पिऊन बरं वाटायचं, हे मी तुला कधी कळू दिलं नाही. तुला कळायचंच.

हौदात थुंकलो म्हणून तू एकदा शेणाचा गोळा फेकून मारला होतास. “माझ्या गड्यांना तंबाखू चालत नाय!” मी म्हटलं, तुझे गडी आहेत तर चुना पण मळून देतो की त्यांना. दुसरा गोळा पाठीत बसला. नेम चांगला होता तुझा. शेजारपाजारच्या सगळ्या बायका हसल्या आणि मी तसाच, पाठीवर शेण घेऊन, चावडीपर्यंत जाऊन आलो. मुद्दाम. तू मला हरवलंस असं कुणाला वाटू नये म्हणून.

आता पायाचं बोलतो. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरणार.

भाताची आवणी चालू होती. धरणावर मजा करायला येतात त्यातल्या कुणीतरी बाटली आपल्या खाचरात भिरकावली होती. चिखलात काच दिसते का? तुझ्या टाचेत घुसली. तू ती उपटलीस, हळद भरलीस, चिंधी बांधलीस आणि परत चिखलात उतरलीस. मी म्हटलं, दवाखान्यात चल. “एवढं खाचर होऊ द्या.” ते झालं, मग खालचं. तुला शुगर, पायाला काही समजतच नव्हतं. पाय काळा पडला, अंग तापानं फणफणलं, तेव्हा आपल्या पोरानं, विलासनं तुला उचलून गाडीत घातलं. अगं, साऱ्या गावाच्या पोटातले गडी तुला माहीत. तुझ्या टाचेत कोण शिरलंय ते तुला कळू नये? की कळलं होतं आणि रोपं सुकतील म्हणून गप्प राहिलीस? ह्याचं उत्तर मला पाहिजे होतं. ते न देता गेलीस. हा राग माझ्याकडं राहणार आहे आणि मी तो कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही.

डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, रक्तात जंतू पसरलेत, बाबा. मी सरळ विचारलं, “शेणातले का?” तो म्हणाला, “सांगता येत नाही. चिखलातले असतील, काचेवरचे असतील. आजींच्या स्वतःच्या अंगावरचेसुद्धा असू शकतात. सगळ्यांच्याच अंगावर असतात.” म्हणजे त्याला पण कळलं नव्हतं, पण त्यानं तसं कबूल केलं. माणूस बरा होता.

सलाइनमधनं नर्सबाई काहीतरी सोडत होत्या. म्हटलं, हे काय? त्या म्हणाल्या, जंतू मारायचं औषध. आणि मग आपणहून म्हणाल्या, “आजोबा, असलं औषध पहिल्यांदा बुरशीतनंच काढलं होतं माणसांनी.” मी वाकून तुझ्या कानात सांगितलं, ऐकलंस का, तुझ्या गोतावळ्यातलेच तुला सोडवायला आलेत. तुझ्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू होतं की तापाची थरथर, हे मला कधीच कळणार नाही. मी ते हसू धरून चाललोय.

गोबरगॅस बसला ह्याचं दुःख घरात मला एकट्याला. विलासला उलट वाटलं, झालं ते बरंच झालं. घरात सिलेंडर आहे, सून स्वयंपाक त्यावरच करते. एक दिवस खोपोलीहून कामावरनं आला, गाडी उभी केली आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढता म्हणाला,

“बाबा, तो खड्डा बुजवून टाकू. जेसीबीवाल्याला सांगितलंय.”

“कुणाला विचारून?”

“आय त्याच घाणीत गेली.”

“काचेनं गेली.”

“काचेनं माणूस मरत नाय. जंतूनं मरतो.”

“मंग ज्यानं बाटली फेकली त्याच्या दारात लाव तुझा जेसीबी. त्याला कुणी बोलत नाय. समद्यांना माझी म्हैस दिसती.”

“तुमी शब्दात धरू नका, बाबा.”

मी शब्दात धरणारच होतो. एवढ्या दिवसांत कमळला जे उत्तर देता आलं नव्हतं ते तेव्हा माझ्या तोंडात आलं. म्हटलं, “एकानं घात केला म्हणून विहिरीतले समदे गाडायचे? ही रीत मला ओळखीची हाय रं. गावात चोरी झाली की आपल्या वस्तीत येऊन मडकी उलथी करायचे. केलेलं असायचं तिसऱ्याच कुणी. तुझ्या आज्याला दिवसभर चावडीसमोर उन्हात बसवून ठेवला होता. का, तर ह्यांच्यातलाच कुणीतरी असणार. तेव्हा आपली माणसं म्हणायची, ज्यानं केलं त्याला धरा, आख्ख्या वस्तीवर घालू नका. मी तेच म्हणतोय.”

“ते जंतू हायत, बाबा. माणसं नायत.”

“माहीत हाय मला. म्हणून तर चावडीवर नाय बोलत, घरात बोलतोय.”

विलास खाली बसला. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि त्याच्यावरची धूळ बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला, “मला ती टाकी बघवत नाय. दिसली का आय दिसती. कोपरापर्यंत शेणात हात, न् मला हाक मारती, चहा पिऊन जा.”

हे आधी बोलला असता तर मी एवढा आवाज चढवला नसता. तुझा पोरगा तुझ्यासारखाच आहे, दुखतं ते शेवटी सांगतो. पण मी माझं म्हणणं सोडलं नाही. त्याला जी बघवत नव्हती तीच मला बघायची होती. शेवटी त्यानंच तोडगा काढला. जेसीबीवाला भिसेगावच्या कामात अडकला होता. तो मोकळा होऊन येईपर्यंत गॅस पेटला तर ठेवायचा. नाही पेटला तर बुजवायचा, आणि मग मी तोंडातून शब्द काढायचा नाही.

मी म्हटलं, चालेल. आणि दुसऱ्या दिवशी लोधिवलीला गेलो.

का गेलो ते तुझ्याशिवाय कुणाला लगेच कळलं नसतं. तुझ्या भावानं, यशवंतानं गोबरगॅस बांधला तेव्हा तो लवकर लागावा म्हणून आपल्या विहिरीतली स्लरी, कुजलेलं शेणपाणी, तू पिंपात भरून माहेरी नेली होतीस. बायका माहेरी लाडू नेतात, तू शेण नेलंस. आणि ते पण एस्टीनं. कंडक्टर उतरवायला निघाला तर म्हणालीस, “माहेरला आहेर हाय, झाकण उघडू नका, नजर लागंल.” चौक गावापर्यंत अख्खी गाडी नाकाला रुमाल लावून बसली होती आणि तू खिडकीतनं मजेत बाहेर बघत होतीस. म्हणजे तुझे इथले सगळे मेले तरी त्यांची पिलावळ तिथं जिवंत होती. विरजणासारखंच आहे हे, एवढं मला तुझ्याबरोबर राहून कळलं होतं. मानलं नव्हतं, पण कळलं होतं.

यशवंत विहिरीजवळच भेटला. पिंप बघून त्यानं ओळखलं.

“दाजी, माझी बहीण नेलीत ती काय परत दिली नाय. आता शेण पण न्यायला आलात?”

“आमीच दिलेलं हाय. तेच मागतोय.”

“आहेर परत मागतात का कुठं?”

“ती असती तर मागत बसली नसती. एक बालदी तुझ्या डोक्यावर ओतली असती न् उरलेलं घेऊन आली असती.”

यशवंत हसायला लागला. हसता हसता विहिरीच्या कठड्यावर बसला आणि त्याचं हसू कधी फिरलं ते त्याला पण कळलं नाही. मी दुसरीकडं बघत उभा राहिलो. मग त्यानं डोळे पुसले, बाह्या वर केल्या आणि स्वतः पिंप भरून दिलं. त्याच्या बायकोनं पिंपावर ओलं गोणपाट बांधलं. म्हणाली, “वन्संचं हाय, दाजी. फार हिंदकळू देऊ नका.”

तुला माहेराहून आणायला मी कधी गेलो नाही. यशवंतच पोचवायला यायचा. ह्या वयात टेंपोच्या मागच्या बाजूला, पिंपाला मिठी मारून, मी तुझ्या माहेराहून निघालो. टेंपोवाला म्हणाला, काका, पुढं बसा की. मी म्हटलं, तू पुढं बघ.

आधी फिनेलवालं सगळं उपसायला लागलं. टाकी उचलायला वस्तीतली माणसं आली. एकानं विहिरीत पाय टाकला तर मी असा खेकसलो की तो मागं पडला. तुझा नियम होता, आत माणूस उतरायचा नाही, आतली हवा कळू न देता झोपवते. वरूनच दोरीला बालद्या बांधून उपसलं. तो उपसा मी शेताला दिला नाही, लांब खड्डा काढून गाडला. मग ताजं शेण. आपल्या दोन जनावरांचं किती पुरणार? वस्तीतल्या घराघरानं दिलं, डोंगराकडच्या वाडीतल्या बायकांनी पाट्या भरून आणून दिलं. एक म्हातारी म्हणाली, तुमच्या बाईनं गेल्या साली आमच्या मिरच्यांना स्लरी दिलेली, मी फेडायला आले नाय, तिच्या आठवणीला आले. शेण कालवलं, त्यात तुझ्या माहेरचं पिंप ओतलं, टाकी परत बसवली. आणि मग वाट बघायची. ह्यात माझ्या हाताला काही काम नव्हतं. काम त्यांचं होतं.

सुमन, ते दिवस वाईट गेले. सकाळी हौदात थोडं थोडं घालायचो आणि टाकीवर हात ठेवून बसायचो. सून विचारायची, बाबा, ताप बघताय का तिचा? मी म्हणायचो, हो. खरंच तसं वाटायचं. तुझ्या कपाळावर इस्पितळात हात ठेवून बसलो होतो तसाच. तेव्हा सगळे म्हणत होते, आता ताप उतरत नाही. ह्या वेळी सगळे म्हणत होते, मेलंय ते. मी दोन्ही वेळेला कुणाचं ऐकलं नाही. एकदा चुकलो. म्हणून दुसऱ्यांदा पण चुकणार, असं कुणी मला सांगायचं नाही.

भात पोटरीला आलं, ऊन तापायला लागलं, आणि टाकी बोटभर वर आली. मग वीतभर. मी खडूनं खूण करून ठेवली होती. कुणाला सांगितलं नाही. पण विलासनं खूण बघितली होती.

आणि नेमका त्याच वेळी जेसीबी आला. रस्त्यावरनं खडखडत वळला आणि गोठ्यामागं येऊन उभा राहिला. विलास त्या दिवशी घरीच होता. म्हणाला, “चला बाबा, लावून बघू. ठरल्याप्रमाणं.” चुलीशी गेला, कॉक फिरवला. सुरसुर ऐकू आली!  त्यानं काडी ओढून पुढं केली. काडी विझली. दुसरी ओढली. ती पण विझली. गॅस येत होता आणि पेटायच्या ऐवजी काडीच विझवत होता.

जेसीबीवाला दारातनं डोकावून म्हणाला, “बाबा, नुसता वारा हाय हा.”

विलासनं कॉक बंद केला. माझ्याकडं न बघता म्हणाला, “झालं का समाधान?”

मी तिथंच उंबऱ्यावर टेकलो. आणि टेकल्या टेकल्या आठवलं. गोबरगॅस नवा बांधला तेव्हा पण हेच झालं होतं. काडी विझली होती, मी गवंड्याच्या अंगावर धावून गेलो होतो आणि तू मधे पडली होतीस. “पहिला गॅस पेटत नाय, सोडून द्यायचा असतो. शिबिरात सांगितलंय. आधी दुसरेच जिवाणू कामाला लागतात, पेटणारा गॅस करणारे मागनं जोर धरतात. थांबा की जरा! सदा न् कदा घाई!” मी तेव्हा म्हटलं होतं, तुझ्या गड्यांत पण पाळ्या असतात का?

उठलो. विहिरीपाशी गेलो आणि टाकीचा कॉक सताड उघडला. फुस्स करून सगळा गॅस आभाळात. टाकी माझ्या डोळ्यांदेखत खाली बसली, खडूची खूण बुडाली. जेसीबीवाल्याला वाटलं, म्हाताऱ्यानं हात टेकले. त्यानं मशीन चालू केलं.

“बंद कर ते!” मी ओरडलो. “पहिला सोडून द्यायचा असतो. आता परत भरू दे.”

“बाबा,” विलास म्हणाला, “आपलं ठरलं होतं.”

“गॅस पेटला तर ठेवायचा, असं ठरलं होतं. कितवा गॅस, ते ठरलं नव्हतं.”

जेसीबीवाला मोठ्यानं हसला. “दादा, ह्यांच्याशी बोलण्यात तुमी नाय निघत. मला पळसदरीला कंपाउंडचा चर मारायचा हाय. तो मारून येतो, तोवर बघा तुमचं काय ते.” आणि खडखडत गेला. विलास किती वेळ टाकीकडं बघत उभा होता. मला वाटलं, चिडला. पण तो जाऊन गोठ्यातलं ताजं शेण घमेल्यात भरून घेऊन आला आणि हौदाशी ठेवून आत गेला. हात लावला नाही त्यानं कालवायला. फक्त ठेवलं.

पुढच्या वेळी टाकी भराभर वर आली. संध्याकाळ व्हायची होती, दारातनं पश्चिमेचं ऊन थेट चुलीवर पडलं होतं. विलास कामावरनं आला, हातपाय न धुता चुलीशी गेला, काडी लावली. काडी विझली नाही. पण जाळ पण दिसेना. उन्हात निळी ज्योत दिसत नाही, सुमन. दोघं वाकून बघत राहिलो. शेवटी त्यानं तळहात वर धरला आणि “आय गं!” करून झटकन मागं घेतला.

पोरगा हात झटकत हसत होता आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं.

बातमी पसरली. बायका आल्या. एक म्हणाली, सुमनकाकीच परत आली बघा चुलीत. दुसरी म्हणाली, तिचाच जीव आहे त्यात. त्या मायेनं बोलत होत्या, पण मी नाही ऐकून घेतलं. मी म्हटलं, ती नाय आली. ती गेली. हा जाळ शेणाचा हाय आणि तो ज्यांनी केला ते इतके बारीक हायत की मी जन्मात बघितले नाय. त्यांच्या कामाचं श्रेय कुणाच्या भुताला देऊ नका. सुमनला ते आवडलं नसतं.  एकीनं तोंडाला पदर लावला. कडू बोललो असेन. पण तू नाहीस, हे मला कुणी गोड करून द्यायला नको आहे. तू नाहीस आणि ते आहेत. दोन्ही मी एकाच चुलीसमोर बसून मानलं. एक मानायला तू जन्मभर भांडलीस. दुसरं मानायला मला कुणी मदत करणार नाही.

कमळचा फोन आला होता. विलासनं तिला सांगितलं. ती म्हणाली, दादाला सांग, पुढच्या वेळी फिनेल मोरीपुरतंच आणीन. मी म्हटलं, तिला सांग, मोरीत पायजे तेवढं ओत. मोरीचं पाणी हौदात जात नाय.

विलासनं जेसीबीवाल्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. तो परत आला नाही.

काल जेवण झाल्यावर विलास हात पुसत म्हणाला, “बाबा, उद्यापासनं सकाळचं शेण मी कालवत जाईन. कामावर जायच्या आधी. तुमची कंबर वाकत नाय आता.”

मला कंबरेबद्दल भांडायचं होतं. नाही भांडलो. त्याच्या पायांकडं बघितलं. तुझ्यासारखेच पाय आहेत, रुंद, टाचांना भेगा पडलेल्या. घरात, गोठ्यात, खाचरात, सगळीकडं अनवाणी.

“कालव,” म्हटलं. “पण बूट घालून.”

त्यानं दारामागनं कंपनीचे बूट काढले, आतली माती झटकली आणि गोठ्याच्या पायरीवर नेऊन ठेवले.